कीलची पलीकडची बाजू

१

साठी उलटली तरी बोटींच्या यार्डात सगळे त्याला धाकटाच म्हणत. थोरला अकरा वर्षांत तिकडे फिरकला नव्हता, पण थोरले-धाकटे ही जोडी लोकांच्या तोंडी एकदा बसली ती बसलीच. एकानं यायचं सोडलं म्हणून उरलेल्याचं नाव कोण कशाला बदलेल?

वर्षातून एकदा, हवा कोरडी पडली की त्यांची शिडाची बोट क्रेननं पाण्याबाहेर निघायची. दोन लाकडी ठोकळ्यांवर ती बसवायची, दोन्ही अंगांना टेकू द्यायचे आणि कीलच्या मागं लागायचं. कील म्हणजे बोटीच्या पोटाखाली उभी उतरलेली जाडजूड लोखंडी पाती. तिचं वजन पाण्याखाली असतं म्हणून वर शिडात कितीही वारा भरला तरी बोट कलंडत नाही. पण लोखंड ते लोखंड. वर्षभरात रंगाखाली कुठून ना कुठून गंज शिरतोच. तो खरवडून काढायचा, लोखंड चकचकीत उघडं करायचं, थिनरनं पुसायचं, आणि खाऱ्या हवेनं ते पुन्हा तांबूस व्हायच्या आत त्यावर प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा थर, चढवायचा. यार्डात ग्राइंडरला बंदी होती, कारण त्याची धूळ शेजारच्या ओल्या रंगावर बसून भांडणं व्हायची. त्यामुळे सगळं काम हातानं, तारेच्या ब्रशनं. हातभर पट्टा उघडा करायचा, झाकायचा, पुढं सरकायचं. जेवढं उघडं केलं तेवढं त्याच दिवशी झाकायचं, हा दोघा भावांचा नियम होता.

फाटकाकडची बाजू धाकट्याची, पाण्याकडची दादाची. मधे माणसाच्या उंचीची पाती आणि डोक्यावर बोटीचं पोट, त्यामुळे काम करताना एकमेकांची तोंडं दिसत नसत. गप्पा मात्र चालत. दादा तसा अबोल, पण समोर तोंड नसलं की जरा मोकळा व्हायचा. वहिनीशी झालेली कुरबूर, पायाचं दुखणं, लहानपणची कुठली तरी आठवण, असं सगळं त्या पातीच्या पलीकडून यायचं.

तीन आठवड्यांपूर्वी दादाला अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवं अंग गेलं, वाचाही जवळजवळ गेली. वहिनीनं फोनवर सांगितलं तेव्हा धाकटा म्हणाला, "येतो." मनापासूनच म्हणाला. मग क्रेनची तारीख आली. ती हुकली तर दोन महिने पुन्हा मिळत नाही, हेही काही खोटं नव्हतं. आधी बोट बाहेर काढू, मग जाऊ, असं त्यानं ठरवलं. बोट बाहेर निघाल्यावर, एवढी निघालीच आहे तर कील उरकून घेऊ, असं ठरवलं.

२

पहिल्या दिवशी सकाळी नऊला त्यानं सुरुवात केली. आधी छोट्या हातोडीनं सगळी पाती ठोकून पाहिली. जिथं रंग धरून आहे तिथं टणक आवाज येतो, जिथं खाली गंज धरलाय तिथं बद्द येतो. बद्द जागांवर खडूनं गोल करत तो पुढच्या कडेपर्यंत आला. मग गुडघ्याखाली पोत्याची घडी घेतली, तोंडाला फडकं बांधलं आणि ब्रश चालवायला लागला.

तासाभरानं हात भरून आला म्हणून तो थांबला. घासण्याचा आवाज त्याच्यानंतर थांबला.

प्रतिध्वनी असणार. शेजारी मोठी मासेमारीची बोट उभी होती, तिचा फुगीर पत्रा समोरच होता. आवाज तिच्यावर आपटून परत येत असेल. गेल्या वर्षी ती बोट तिथं नव्हती. धाकटा आयुष्यभर मापाच्या कामात होता, यंत्रांचे सुटे भाग तपासायचा. कारण सापडलं की त्याचं डोकं शांत व्हायचं. त्यानं पाणी प्यायलं आणि पुन्हा ब्रश उचलला.

दुपारनंतर, का कोण जाणे, त्यानं तीनच वेळा घासलं आणि हात अधांतरी धरला.

पलीकडून आवाज आला. एक, दोन, तीन, चार.

त्यानं पुन्हा तीनदा घासलं. पुन्हा चार आले. चौथा जरा लांब, संपताना दाबलेला. कडेला आल्यावर ब्रश वळवताना होतो तसा.

पत्र्याच्या वळणामुळे एखादा आवाज दोनदा येत असेल, असं त्यानं मनाशी म्हटलं. पाच वाजले होते. उघडं केलेलं सगळं त्यानं प्रायमरनं झाकलं, ब्रश थिनरमध्ये बुडवून ठेवला आणि तो घरी गेला. पलीकडच्या बाजूला जाऊन पाहायला चार पावलं लागली असती. ती त्यानं टाकली नाहीत, आणि आपण ती टाकत नाही आहोत हे त्याला कळत होतं.

३

दुसऱ्या दिवशी मात्र तो आल्या आल्या वळसा घालून पलीकडे गेला.

पाण्याकडची बाजू पुढच्या कडेपासून हातभर स्वच्छ झाली होती आणि तिच्यावर राखाडी प्रायमर चढला होता. त्याच्या बाजूला जेवढा पट्टा होता तेवढाच, त्याच रेषेत थांबलेला. प्रायमर कोरडा होता. त्याच्याआड ब्रशचे बारीक चरे दिसत होते. उजव्या हातानं घासलं की चरे एका अंगाला झुकतात. हे दुसऱ्या अंगाला झुकले होते.

दादा डावखुरा होता.

धाकट्यानं डबा उघडून पाहिला. काल नवा फोडलेला, तो अर्ध्याखाली गेला होता.

क्रेनवाला लांब साखळ्या मोजत उभा होता. धाकटा त्याच्याकडे गेला.

"काल माझ्या बोटीवर हात मारलास का रे तू?"

"मी?" क्रेनवाला हसला. "माझी कंबर सकाळी सरळ व्हायला तास लागतो. मी कशाला तुमची कील घासू?"

"मग दुसरं कोण?"

"आता मलाच विचारता? थोरले आलेत ना यंदा? काल दिवसभर दोघांचा आवाज येत होता. म्हटलं बरं झालं, मिटलं एकदाचं. जेवायच्या सुट्टीत हाक मारणार होतो, पण दिसले नाहीत."

धाकटा काहीतरी बोलला, काय ते त्याचं त्यालाही नंतर आठवेना. तो परत आला आणि आपल्या बाजूला गुडघे टेकून बसला. कारण शोधायला लागला. यार्डात कुणीतरी चेष्टा करत असेल. पण चेष्टा करायला म्हणून कुणी आठ तास गंज खरवडत नाही.

शेवटी त्यानं ब्रश उचलला. पलीकडेही सुरू झालं.

आणि इथं एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण पुढं त्याला जे लागून राहिलं ते याचंच. त्याला भीती वाटली, हे खरं. पण दुपारपर्यंत ती बरीच ओसरली आणि तिच्या जागी दुसरंच काही आलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा काम करताना त्याला एकटं वाटत नव्हतं.

४

भांडण झालं ते याच कीलवरून. अकरा वर्षांपूर्वी, परत येताना सुकाणू दादाच्या हातात होतं. वारा फिरला, धाकट्यानं ओरडून सांगितलं, दादाला वळवायला क्षणभर उशीर झाला आणि कीलचा खालचा कोपरा खडकावर बसला. बोट फुटली नाही, कुणाला लागलं नाही. दादाच्या बाजूला लोखंडात मुठीएवढा खळगा पडला, इतकंच.

यार्डात बोट वर घेतल्यावर दहा-बारा माणसं खळगा बघायला जमली. त्या सगळ्यांसमोर धाकटा म्हणाला, "दादा, तुझ्याच्यानं एक काम धड होत नाही. रंग दे म्हटलं तर वरची कड सोडतोस, वळव म्हटलं तर खडकावर नेतोस. तू आपला घरी बस."

दादानं हातातला ब्रश पुसला, डब्यावर आडवा ठेवला आणि तो घरी गेला. पुढं मुलाच्या गावी राहायला गेला. तेव्हापासून तो घरीच बसला. धाकट्याला वाटत राहिलं की चार महिन्यांत राग उतरेल. मग वाटलं की आपणच फोन करावा. दरवर्षी कील घासताना तो फोन करायचं ठरवायचा, आणि रंग वाळेपर्यंत ते राहून जायचं.

तो खळगा दरवर्षी पुट्टीनं भरायला लागे. धाकट्याकडून तिथं नेहमी उंचवटा राहायचा. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यानं पलीकडे जाऊन तिथं तळवा फिरवला. खळगा भरला होता. कुठून सुरू होतो आणि कुठं संपतो ते बोटांना समजत नव्हतं. त्यानं डोळे मिटून पुन्हा हात फिरवला, तरी समजेना.

५

त्याच दुपारी वहिनीचा फोन आला.

"भावोजी, तुम्ही निघणार होतात ना?"

"हो वहिनी. कामात अडकलोय जरा. दादा कसा आहे?"

"तेच सांगायला केला. परवापासून यांचा डावा हात थांबत नाही. पलंगाशेजारच्या भिंतीवर घासत असतात सारखे, वर-खाली, वर-खाली. सकाळी नऊच्या सुमाराला सुरू होतं ते पाचपर्यंत. मधे दुपारी तासभर काय शांत असतात तेवढंच. हात धरला तर सोडवून घेतात. एवढी ताकद कुठून येते कोण जाणे."

धाकट्यानं हातातल्या ब्रशकडे पाहिलं.

"आणि नखांत लाल मातीसारखं काहीतरी साचतं. मी रोज काढते. घरात कुठाय लाल माती?"

"आत्ता काय करतोय?"

"आत्ता गप्प आहेत. फोन केला तेव्हाच थांबले बघा."

धाकट्यानं फोन खांद्यात धरला. आपण हे का करतोय, असं त्याच्या मनात येऊन गेलं, पण हात थांबला नाही. त्यानं ब्रश लोखंडावर टेकवला आणि तीनदा घासलं.

फोनमधून भिंतीवर काहीतरी खरखरल्याचा आवाज आला. तोच आवाज पातीच्या पलीकडूनही आला. चार वेळा.

"झालं सुरू," वहिनी म्हणाली. तिचा आवाज थकलेला होता. "डॉक्टर म्हणतात यांना अजिबात दमू देऊ नका, हृदय फार थकलंय. आता कसं दमू देऊ नको, तुम्हीच सांगा. भावोजी, तुम्ही या. तुम्ही आलात तर कदाचित शांत होतील."

"येतो. लोखंड उघडं पडलंय वहिनी, असं सोडून येता येत नाही. एवढं झाकतो आणि येतो."

त्याच्यासमोरचं सगळं लोखंड झाकलेलं होतं. सकाळचा प्रायमर वाळतही आला होता. तो ब्रश ठेवून तासाभरात बसस्थानकावर पोचला असता, आणि रात्रीपर्यंत दादाच्या उशाशी.

फोन ठेवल्यावर तो बराच वेळ बसून राहिला. पलीकडे सामसूम होती. मग त्याला वाटलं, आपण उठून गेलो आणि तिथं पोचल्यावर दादानं तोंड फिरवलं तर? तिथं त्याच्या तोंडाकडे बघायला लागेल. इथं लागत नव्हतं. निम्म्याहून जास्त काम झालं होतं, उद्याचा एक दिवस पुरला असता.

त्यानं ब्रश उचलला.

६

चौथ्या दिवशी हवा पडली होती. यार्डात पत्राही वाजत नव्हता. मागची कड, तेवढी राहिली होती. पलीकडचा आवाज कालच्यापेक्षा संथ झाला होता. धाकट्याचे तीन झाले की पलीकडे आता चाराऐवजी तीनच व्हायचे, कधी दोन, आणि मधे श्वास घेतल्यासारखी विश्रांती. ती विश्रांती तो ऐकत होता. दर वेळी तो मनाशी म्हणत होता की आता थांबावं, आणि दर वेळी ब्रश आपसूक पुढचा पट्टा धरत होता.

साडेतीनच्या सुमाराला शेवटचा प्रायमर चढला. मग खालची कड बघायला तो आडवा झाला. कीलचा तळ आणि जमीन यांच्यात, दोन ठोकळ्यांच्या मधे, वीतभर फट होती. गाल खडीला टेकवून त्यानं फटीतून पाहिलं.

पलीकडे दोन पाय होते.

एक अनवाणी होता. दुसऱ्यात करडा मोजा होता, टाचेवरून निम्मा निसटलेला. घोटे सुजलेले होते. त्या पायांत काय चुकतंय ते त्याला लगेच कळलं नाही. मग कळलं. ते उभ्या माणसाचे पाय नव्हते. बोटं बाहेरच्या अंगाला सैल कललेली होती आणि तळव्यांखाली खडी दबली नव्हती. पलंगावर उताण्या झोपलेल्या माणसाचे पाय जसे पडलेले असतात तसेच ते होते, फक्त उभे. पातीला लागून उभे, आणि किंचित थरथरत.

धाकट्याचा आवाज फुटला तो फार हलका, आणि जे बोलायला हवं होतं ते त्याला त्या क्षणीसुद्धा ठाऊक होतं. बस झालं दादा, असं म्हणायचं होतं. थांब तू, पड जरा, मी तिकडे येतो. एवढे चार शब्द.

पण त्या पातीआडून तो दादाशी आयुष्यभर एकाच सुरात बोलत आला होता, आणि तोच सूर तोंडातून निघाला.

"वरची कड राहिली असेल बघ."

पलीकडे काही क्षण काहीच झालं नाही. मग ते पाय हळूहळू टाचांवरून उचलले गेले. अंगठे पुढं झाले, ताणले गेले. कुणीतरी फार उंचावर हात पोचवत असल्यासारखे. वर, बोटीच्या पोटाला पाती जिथं चिकटते तिथून, ब्रशचा ओला आवाज आला. तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला, न थांबता, न घाई करता.

मग फटीतून पलीकडचं पाणी दिसलं, उन्हात चमकणारं, मधे काही नसलेलं.

धाकटा उठला तेव्हा त्याच्या गालावर खडीचे ठसे होते. घड्याळात चार वाजत आले होते. त्यानं डबा तसाच उघडा टाकला आणि तो यार्डाच्या फाटकाकडे धावत सुटला.

७

तो पोचल्यावर दादा दोन दिवस होता. डोळे मिटलेले, श्वास चालू. हात पांघरुणावर शांत पडलेला. धाकटा तो हात धरून बसून राहिला. तळव्याची कातडी सोलवटली होती आणि नखं वहिनीनं मुळापासून कापली होती.

"काल साडेतीनपर्यंत सारखं घासणं चालू होतं," वहिनी सांगत होती. ती पलंगाच्या पायथ्याशी स्टुलावर बसली होती. "मग थांबले. मला वाटलं झोप लागली. आणि मग एकदम हात वर केला. असा, पार वर. झटका आल्यापासून खांद्याच्या वर गेला नव्हता तो. फळीवरचं काही काढायचं असावं तसा ताणला. अंग उचललं गेलं हो गादीवरून. मी म्हटलं, अहो, काय हवंय, मी देते ना. तर माझ्याकडे लक्षच नाही. हात या टोकापासून त्या टोकापर्यंत नेला, अगदी सावकाश, आणि मग पडला तो पडलाच."

धाकटा भिंतीकडे बघत होता. पलंगाशेजारी रंग उडून आतला गिलावा दिसत होता. माणसाच्या हाताला पोचेल तेवढा, नीट पट्ट्यापट्ट्यांनी घासलेला.

"काय हवं होतं त्यांना, कुणास ठाऊक," वहिनी म्हणाली. मग जरा वेळानं, त्याच्याकडे न बघता, "भावोजी, तुम्ही तिकडे नेमकं काय करत होतात?"

"बोटीचं काम होतं."

"झालं?"

"झालं."

तिनं पुढं काही विचारलं नाही. तिनं विचारावं असं त्याला फार वाटत होतं. विचारलं असतं तर त्यानं सगळं सांगितलं असतं, निदान नंतर तो स्वतःला असं सांगत आला.

तिसऱ्या दिवशी पहाटे दादा गेला. डोळे त्यानं शेवटपर्यंत उघडले नाहीत.

८

महिन्याभरानं क्रेनवाल्यानं निरोप पाठवला की जागा मोकळी करायची आहे, वरचा रंग मारून बोट पाण्यात सोडा. धाकटा गेला. उघड्या राहिलेल्या डब्यातला प्रायमर दगड झाला होता.

आपल्या बाजूला रंग मारून झाल्यावर तो पलीकडे गेला. त्यानं वरची कड पाहिली. पाती जिथं पोटाला मिळते ती सबंध रेघ भरलेली होती. एक केसभर जागा सुटली नव्हती. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ब्रशचा एकच लांब हात, आणि मागच्या कडेला पोचल्यावर तो खाली घसरलेला, वीतभर, पुसट होत गेलेला.

तिथं त्याला रंग मारवेना. दिवसभर तो ब्रश घेऊन समोर उभा राहिला. शेवटी संध्याकाळच्या सुमाराला क्रेनवाला आला, त्यानं त्याच्या हातातला ब्रश काढून घेतला आणि न विचारता ती बाजू रंगवून टाकली. रंगवता रंगवता तो कीलवरून हात फिरवत होता.

"खरं सांगू का?" क्रेनवाला म्हणाला. "रागावू नका. थोरल्यांची बाजू तुमच्यापेक्षा सरस झालीय."

धाकट्यानं ओल्या रंगाकडे पाहिलं.

"हो," तो म्हणाला. "त्याचा हात माझ्यापेक्षा चांगला होता. पहिल्यापासून."

क्रेनवाल्यानं मान डोलावली आणि ब्रश पुसायला फडकं मागितलं.